पाण्यात हात घालायचा नाही

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हे पत्र लिहितोय, अशी सुरुवात करणार होतो. पण तू आयुष्यभर वॉर्डात मेट्रन होतीस. खोटं दुखणं आणि खोटी चौकशी दोन्ही तुला लांबूनच ओळखू येतात. तरी विचारतोच. टाके सुकले का? जिना चढतेस का? चढत असशील तर माझी बायको परत कधी पाठवतेस?

फोनच केला असता, पण मी फोनवर बोलत नाही, उलटतपासणी घेतो, असं म्हणून तू मागच्या वेळी रिसीव्हर आपटलास. आणि ही तर फोनवर येतच नाही. कधी अंघोळीला गेलेली असते, कधी बाजारात. एका माणसाला इतक्या अंघोळी लागतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या वेळी तुझ्यापाशी कोणीतरी हवं म्हणून ती आली, ते योग्यच झालं. पण निघताना दारात ती काय बोलली ते तिने तुला सांगितलं नसणार. मी बॅग उचलायला पुढे झालो, तर तिने ती स्वतःच उचलली आणि म्हणाली, की या घरात तुम्ही न उघडलेली, न सुधारलेली एक तरी गोष्ट शिल्लक राहू शकते असं ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी मी परत येईन. आवाज जरासुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

ताई, मी फ्रिजचा मेकॅनिक. लोकांच्या घरची गेलेली थंडी परत आणून देण्यात जन्म गेला. काम सुटलं आणि हात शिवशिवायला लागले. घरात काही बिघडेना, म्हणून जे चालू होतं तेच उघडत बसलो. आता घरात मी एकटा आणि भिंतीवरचं घड्याळ. तेही एकदा उघडून झालंय.

तर बातमी अशी. कोपऱ्यावर माशांचं दुकान आहे ना, काचेच्या टाक्यांचं, तिथे ही येता-जाता थांबायची. मासे नाही बघायची. खालच्या बाजूला एक लहान टाकी होती, तिच्यात नखाएवढ्या लाल कोळंब्या होत्या, त्या बघायची. मी दंडाला धरून चल, चल करायचो. काल मी एकटाच थांबलो आणि टाकी घेऊन आलो. गोड्या पाण्याची, दोन हातांत मावेल एवढी. खाली काळी खडी, एक वेडंवाकडं लाकूड, थोडं शेवाळ, आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर. दुकानदाराला बारमाही सर्दी आहे, पण माणूस बरा. तो म्हणाला की पाणी आधी मुरू द्यायचं. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्या स्पंजात आणि खडीत वस्तीला येतात, कोळंब्यांची घाण तेच पचवतात. ते येईपर्यंत टाकीत एकही जीव सोडायचा नाही आणि पाण्यात हात घालायचा नाही.

ही येईल तेव्हा टाकी तयार असेल, एवढंच मनात आहे. तिला सांगू नकोस.

लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा आखडू देऊ नकोस.

तुझा,
भुंगा


ता. ८ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तिला सांगू नकोस असं तू लिहिलंस खरं, पण पाकीट तिनेच फोडलं. माझा चष्मा सापडत नव्हता. तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. अंघोळीच्या वाक्यापाशी जरा थांबली, मग पुढचं सगळं एका सुरात वाचून काढलं, दारातलं तिचं बोलणंसुद्धा. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या हातात दिलं आणि कणीक मळायला गेली.

कोळंब्या म्हटल्यावर मला आधी कढईच आठवली. मग कळलं की त्या नुसत्या बघायच्या आहेत. या वयात तुला काय काय सुचतं! पाळण्यात असताना तू खुळखुळा उघडून आतले मणी नाकात घातले होतेस. भुंगा हे नाव तुला आईने उगाच नाही ठेवलं.

मशीनबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस, म्हणून मीच काढते. ते पायाचं मशीन तिला तुझ्याआधीपासून ओळखतं. लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून तिने त्याच्यावर तुमच्या घराला हातभार लावला. एक-एक टाका ती पायाने मोजत होती. ती दोन दिवस लग्नाला काय गेली, तू त्याला मोटर बसवलीस! आश्चर्याचा धक्का म्हणे. तिने पाय ठेवला तर मशीन सुसाट सुटलं आणि कोणाच्या तरी नव्या कोऱ्या सदऱ्याची बाही खिशाला शिवली गेली. तुला तेव्हा हसू आलं होतं. ती हसली नव्हती. मला हे तिने नाही सांगितलं, तूच फोनवर सांगितलं होतंस, गंमत म्हणून.

तिचा निरोप एकच आहे. मशीनला हात लावायचा नाही. मोटर काढायचीही नाही, धूळ पुसायचीही नाही.

माझा गुडघा अजून कुरकुरतो. जिना तर लांबच. तेव्हा तिला इतक्यात सोडता यायचं नाही.

शहाण्यासारखा राहा. रागावले तरी आशीर्वाद कमी झालेले नाहीत.

तुझी,
ताई


ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीनवर चादर टाकली आहे आणि त्या खोलीचं दार लावून घेतलंय. म्हणजे दिसायला नको आणि हात जायला नको.

पण या टाकीने माझ्या नाकी नऊ आणलेत. पाणी मुरतंय म्हणजे नक्की काय होतंय ते दिसतच नाही. फ्रिज कसा, चालू केला की घरघरतो, हात लावला की गार लागतो, माणसाला उत्तर मिळतं. ही काचेची पेटी नुसती बसून आहे. मी समोर स्टूल टाकून बसतो, उठतो, पुन्हा बसतो. लाकूड डावीकडे बरं दिसेल असं वाटलं म्हणून सरकवलं. मग उजवीकडेच बरं होतं. पंपाचा आवाज येत होता म्हणून तो उघडला. बंद केला तर वेगळाच आवाज यायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याची बाटली भरून दुकानदाराकडे नेली. त्याने थेंब टाकून रंग पाहिला आणि विचारलं की टाकी कालच लावली का. मी म्हटलं, कालच कशी, रोज निगा राखतोय, स्पंज तर रोज सकाळी नळाखाली पिळून लखलखीत धुतो. तो शिंकायचा थांबला. डोक्याला हात लावून म्हणाला की अहो, ज्यांची वाट बघताय त्यांनाच रोज गटारात सोडताय. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. स्पंज धुवायचाच नसतो, आणि अगदीच चोंदला तर टाकीतलंच पाणी काढून त्यात हलक्या हाताने पिळायचा.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. ताई, मला तोंडात मारल्यासारखं झालं. रस्त्याने येताना वाटलं, टाकी कोणाला तरी देऊन टाकावी. पण घरी आलो तर दार उघडल्यावर पहिली तीच दिसली, म्हणून राहू दिली.

आता स्टुलावर बसलो की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवतो. मुंग्या येतात, पण चालतं.

ही काय करते दिवसभर? तुझं दुखणं काढून वेळ उरत असेल ना तिला? पत्र आता तीच वाचणार आहे हे माहीत असल्यामुळे जास्त विचारत नाही.

तुझी माया आहे म्हणून इतकं लिहवतं.

तुझा,
भुंगा


ता. ४ एप्रिल

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

या वेळचं पत्र मी स्वतः वाचलं. चष्मा सापडला.

तू विचारलंस म्हणून सांगते. आमच्या चौकात एका बाईचं कपडे बेतून शिवून देण्याचं दुकान आहे. माझ्या गाऊनचा गळा हिने नीट केला, तो त्या बाईने पाहिला आणि हिला बोलावून घेतलं. आता दुपारभर ही तिकडे असते. तिथलं मशीन जुनं आहे, पायाचं. काल त्या बाईने विचारलं की कायमची येशील का, मागची खोलीही देते. हिने हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मी तुला हे लपवून ठेवावं असं तिने सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

घाबरवत नाहीये, पण तू जरा घाबरलास तर माझी हरकत नाही.

स्पंजाचं ऐकून ती म्हणाली की ते त्या दुकानाच्या काचेवरच लिहिलंय. तिला बरंच माहीत आहे रे. काचेवर काय काय सूचना चिकटवलेल्या असायच्या, त्या ती सगळ्या वाचायची म्हणे, तू दंड ओढेपर्यंत.

गुडघा आहे तसाच. कधी बरा, कधी नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वादाला माझ्याकडे तोटा नाही, तू घेणारा हवास.

तुझी,
ताई


ता. २७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागची खोली म्हणजे केवढी आहे? खिडकी आहे का तिला? जाऊ दे. मी विचारणार नव्हतो.

इकडे कोळंब्या आल्या! पाणी मुरलं. दुकानदाराने रंग पाहून मान डोलावली आणि डझनभर दिल्या, पिशवीत. लगेच ओतायच्या नाहीत, पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं घालत त्यांना सवय लावायची. सगळी सकाळ चमच्या-चमच्याने पाणी घालत बसलो. माझ्या हातून इतकं सावकाश काही झालंय याचा पुरावा नाही, नाहीतर पाठवला असता. त्या सुटल्या आणि शेवाळावर बसून दोन्ही हातांनी भराभर काहीतरी तोंडात घालायला लागल्या. ताई, त्यांचे हात क्षणभर थांबत नाहीत. सतत वेचतात, सतत पुसतात. मला तर आपलं गणगोतच भेटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खडीवर एक मरून पडलेली. तशीच चिमट्याने उचलून दुकानात नेली. दुकानदार म्हणाला की हे नुसतं कवच आहे, वाढताना जुनं काढून टाकतात, आतली कोळंबी कुठेतरी लपून बसली असेल, आणि कवचही उचलायचं नव्हतं, त्या ते खातात. घरी येऊन मोजल्या, बाराच्या बारा होत्या.

पण उन्हाळा भयंकर आहे. पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी तापते आणि टाकी त्याच खोलीत. थर्मामीटर चढतोय आणि यांना गरम पाणी सोसत नाही. दुकानदार म्हणाला, जरा लक्ष ठेवा, झाकण उघडं टाका. आता मला सांग, ज्याने आयुष्यभर थंडीच विकली त्याने नुसतं झाकण उघडून बसायचं? हे काम दुसऱ्या कोणाचं नाही, माझंच आहे. माळ्यावर जुन्या फ्रिजची तांब्याची नळी होती. तिचं सुंदर वेटोळं केलं, घासून आरशासारखी केली आणि टाकीत मागच्या बाजूला सोडली. बाहेर बर्फाच्या पाण्याची बादली आणि एक लहान मोटर. बर्फाचं पाणी नळीतून फिरतं, टाकीतल्या पाण्याला शिवत नाही, आणि टाकी गार! थर्मामीटर खाली आला तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

हात पाण्यात घातला, हे खरं. पण त्यांच्या भल्यासाठी घातला. हिला हे जरूर वाचून दाखव. तिला कळू दे की माझ्या उघडण्या-जोडण्याचा कोणाला तरी उपयोग होतो.

आज दोन-तीन जणी जरा सुस्त आहेत. गारवा मानवला असावा.

उत्तर लवकर दे, मला धीर नाही हे तुला नव्याने सांगायला नको.

तुझा,
भुंगा


ता. ३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला सगळं माहीत असेल, तरी लिहितो. लिहिलं नाही तर मी काहीतरी उघडत बसेन.

परवा दुपारी फोन वाजला. उचलला तर हिचा आवाज. इतक्या दिवसांनी ऐकला. तिने कसे आहात, जेवता का, काही विचारलं नाही. नळी तांब्याची आहे ना, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली की आधी ती बाहेर काढा, तांबं त्यांना विष असतं, काचेवर लिहिलंय, ज्या औषधात तांबं असेल ते कोळंबीच्या टाकीत घालू नये म्हणून, मोठ्या अक्षरांत. आणि फोन ठेवला.

काढली. पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळपासून त्या एकेक करून आडव्या होत होत्या आणि मी बापडा त्यांना आणखी गार वाटावं म्हणून बर्फ वाढवत होतो. दुकानदाराकडे पळालो, त्याने पाण्यातलं विष ओढून घेणारा कोळसा दिला, शिळं करून ठेवलेलं पाणी दिलं. थोडं थोडं पाणी बदललं. चारच राहिल्या. त्यातल्या एकीची खात्री नाही.

बाकीच्या कुंडीत पुरल्या. या वेळी कवच आहे का, हे बघायला कुठे न्यावं लागलं नाही.

ताई, मला फार वाईट वाटतंय. मी त्या मारल्या, आणि आळसाने नाही, कष्ट करून मारल्या. नळी घासून चकचकीत केली होती मी. मशीनसुद्धा तेल घालून, पुसून, मोटर बसवून तिच्यापुढे ठेवलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली होती. तेव्हा मला वाटलं होतं की आनंदाने बोलत नाहीये.

तिला माझ्याकडून काही सांगू नकोस. काय सांगायचं तेच कळत नाहीये.

लोभ राहू दे.

तुझा,
भुंगा


ता. ९ मे

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नळीचं पत्र आलं तेव्हा ही दुकानात निघाली होती, एक पाय चपलेत. पत्र उभ्यानेच वाचलं. तांब्याच्या नळीपाशी आली आणि मला न सांगता थेट फोनकडे. माझी भावजय धावते हे मी पहिल्यांदा पाहिलं. फोन ठेवल्यावर तिथेच खुर्चीत बसून राहिली. त्या दिवशी दुकानात गेली नाही.

तुझं दुसरं पत्र वाचल्यावर ती रडली. कोळंब्यांसाठी की तुझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

आता माझं ऐक. वॉर्डात ताप चढलेला पेशंट आला की आम्ही ओलं फडकं ठेवायचो आणि वारा घालायचो. घरात टेबलफॅन आहे ना? तो पाण्याच्या वर तिरका लावून ठेव. बाकी काही करू नकोस. आणि वाटच बघायची असेल तर ती पेशंटच्या खाटेला लाथा न मारता बघायची असते.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस की मी जिना चढते का. चढते. मार्चअखेरपासून चढते, खाली बागेतही जाते. ती दुपारी दुकानात गेली की जाते आणि ती यायच्या आत पाय उशीवर ठेवून पडते. संध्याकाळी दाराशी कोणाच्या तरी चपला वाजाव्यात याची मला सवय झाली होती. एवढंच लिहिते, यावर मला उलट पत्रात काही ऐकवायचं नाही.

त्या बाईला हिने महिनाअखेरीस सांगते म्हटलंय.

आशीर्वाद, या वेळी जरा जास्तच.

तुझी,
ताई


ता. २२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याबद्दल काही ऐकवत नाही. तू एकटी असतेस हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं, एवढंच ऐकवतो आणि तेही स्वतःला.

पंखा लावलाय. खिडकीवर ओलं फडकं टांगलंय. थर्मामीटर उतरला. फ्रिजच्या मेकॅनिकला हे एका मेट्रनने शिकवावं म्हणजे जरा जास्तच झालं.

चारही जणी जगल्या, खात्री नव्हती तीसुद्धा. एकीच्या पोटाखाली अंडी आहेत, पिवळट, खसखशीएवढी. ती पोटाखालचे पाय सारखे हलवून त्यांना वारा घालते. बाकी काही करत नाही, कुठे जात नाही, नुसती वारा घालते. मी तासन्‌तास बघत बसतो. शेवाळाची एक दांडी सुटून वाकडी तरंगते आहे. फिल्टर चोंदल्यासारखा कुरकुर करतो, पण बुडबुडे व्यवस्थित येतात. पूर्वीचा मी असतो तर दोन्ही एव्हाना सरळ झालं असतं. हात शिवशिवतात, नाही असं नाही. पण उठून खिडकीवरचं फडकं ओलं करून येतो आणि परत बसतो.

आता हिच्याबद्दल. हे पत्र तीच वाचणार असेल तरी हरकत नाही. ते दुकान तिला आवडलं असेल, मागची खोली बरी असेल, तर तिने खुशाल हो म्हणावं. मशीन जसं ठेवून गेली तसंच आहे. पाठवायचं असेल तर ती सांगेल तसं, ती सांगेल तेव्हा बांधून पाठवीन. मोटरीसकट की मोटर काढून, तेही तिने ठरवायचं. मी तिला ये म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतंय, दिवसातून कितीदा वाटतं. पण मी काही म्हटलं की ते ढकलल्यासारखं होतं, आणि तिला मी पुष्कळ ढकललंय. दंड धरून, चल चल म्हणत.

ती आली नाही तरी टाकी मी बघेन. अंडी फुटली की तुला कळवतो.

तुझी माया आहे तशीच राहो, मी तिच्यात काही सुधारणा करणार नाही.

तुझा,
भुंगा


ता. ३ जून

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. गाडीत बसायला जागा मिळाली. तुम्ही बांधून दिलेला डबा अर्धा खाल्ला, अर्धा यांना दिला. गुडघ्याला तेल लावता ना? आता जिना उघडपणे चढा, लपूनछपून चढताना पडाल. मला एप्रिलमध्येच कळलं होतं. तुमच्या चपलांना बागेची माती असायची. मी काही बोलले नाही, कारण मलाही राहायचंच होतं.

दुकानाच्या बाईंना तुम्ही माझ्या वतीने सांगितलंत, तुमचे उपकार आहेत. त्यांना म्हणावं, माझं एक मशीन वाट बघत होतं.

येते म्हणून यांना कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर यांनी स्टेशनवर येऊन सामान वाहायची काहीतरी गाडी बनवली असती. माझ्याजवळ किल्ली होती. दार उघडून आत आले तर हे टाकीसमोर स्टुलावर पाठमोरे बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली. फिल्टर कुरकुरत होता. त्या आवाजामुळे त्यांना माझी चाहूल लागली नाही. ताई, हा माणूस असा आवाज ऐकत बसून राहील असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी बॅग हातात धरून तशीच उभी राहिले. बराच वेळ. ते उठले नाहीत, मीही हाक मारली नाही. मग त्यांनी फडकं भिजवायला मान वळवली आणि मी दिसले. किती हडकलेत. त्यांनी आनंदाने ओरडावं असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला खुणेने जवळ बोलावलं. अंडी त्याच सकाळी फुटली होती. शेवाळात पापणीच्या केसाएवढी पिल्लं, आरपार दिसणारी. त्यांनी स्टूल मला दिलं आणि स्वतः उभे राहिले.

मग मी मशीनच्या खोलीत गेले. चादर काढली. सुईत माझाच निळा दोरा होता, आणि सगळ्यावर धुळीचा जाड थर. जन्म धूळ पुसण्यात गेला, पण त्या धुळीकडे बघून मला भरून आलं. हे दारात उभे होते, आत येत नव्हते. मीच म्हटलं की मोटर काढून द्या. त्यांनी हत्यारं आणली आणि प्रत्येक स्क्रूपाशी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की फिरवायचे. इतकं सावकाश काम यांनी कधी केलं नसेल. पट्टा पुन्हा चढवल्यावर मी पाय ठेवला आणि चिंधीवर एक टाका घातला. एकच, आणि पाय थांबवला. मशीनही थांबलं.

रागवायचं मी ठरवूनच आले होते, थोडं तरी. ते राहून गेलं. पुढेमागे रागावेन.

आता गंमत ऐका. चहा झाल्यावर दोघं टाकीपाशी बसलो. ती शेवाळाची दांडी अजून वाकडी तरंगत होती. मला ते बघवेना. एखाद्या कपड्याचा दोरा लोंबत असला की माझा हात आपोआप जातो, तसा गेला. बाही वर सारून बोटं पाण्याला लागणार, तेवढ्यात यांनी माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. म्हणाले की राहू दे तशीच, पिल्लं तिच्यावरच बसली आहेत.

मी हात काढून घेतला. त्यांनी मनगट सोडलं नाही आणि मीही सोडवलं नाही.

तुम्ही बिछान्यात पडून वाट बघत बसू नका, इकडे या. स्टूल एकच आहे, हे दुसरं बनवतो म्हणतात. मी बनवू देणार आहे.

आहे हा लोभ असाच असू द्यावा.

तुमची,
भावजय